स्वातंत्र्यसैनिक पूर्वजांची नोंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं मंडळ स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचं आहे. ऑगस्ट उजाडला की फोन सुरू होतात ते 17 सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, उलटेपर्यंत थांबत नाहीत. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. आधी हे वाचा, मग फोन करा. उलटं केलंत तरी आम्ही रागावत नाही, पण उत्तर हेच मिळेल.

1. मंडळ नेमकं करतं काय?

पूर्वजानं केलेल्या कामाची कागदोपत्री खातरजमा करतं, त्याची नोंद लिहितं आणि प्रत घरच्यांना देतं. गावच्या शाळेनं किंवा ग्रामपंचायतीनं मागितली तर त्यांनाही देतो. वर्षातून एक मेळावा होतो. 1980 च्या दशकात राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधली गेली. त्यांतल्या कुठल्याचं छप्पर गळतंय, कुठल्याच्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे तेच कळत नाही; त्यांसाठी अर्जफाटे करणं हेही आमचंच काम. फ्लेक्स, शाल-श्रीफळ आणि मिरवणूक यांत मंडळ पडत नाही.

2. सभासद कोण होऊ शकतं? मुलीकडच्या नातवंडांना घेता का?

घेतो. थेट वंशज असणं पुरे, मग तो मुलाकडून असो की मुलीकडून. आडनाव वेगळं असलं तरी काही बिघडत नाही. मात्र दोन साखळ्या जुळवाव्या लागतात. तुमच्यापासून पूर्वजापर्यंतचं नातं ही एक (प्रश्न 8), आणि पूर्वजापासून लढ्यापर्यंतचा पुरावा ही दुसरी (प्रश्न 5 ते 7). लोक पहिली साखळी गृहीत धरतात आणि दुसरीच्या मागे धावतात. प्रत्यक्षात अर्ज अडकतात ते पहिलीतच.

3. सभासद झाल्यावर पेन्शन, नोकरीत सवलत, एसटीचा पास असं काही मिळतं का?

नाही. आमच्या नोंदीचा सरकारदरबारी काहीही उपयोग नाही. कुणी तसं सांगून पैसे मागितले तर आम्हाला कळवा.

पेन्शनबद्दल गैरसमज इतके आहेत की थोडं सविस्तर सांगतो. केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1972 ला, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात सुरू झाली. तेव्हा तिला उत्पन्नाची अट होती. 1 ऑगस्ट 1980 पासून ती अट गेली आणि योजनेला 'स्वतंत्रता सैनिक सन्मान पेन्शन' हे नाव मिळालं. साधारणपणे किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास लागे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या सैनिकांना तीन महिने. सैनिक गेल्यावर ती पती किंवा पत्नीला मिळते, त्यानंतर अविवाहित आणि बेरोजगार मुलींना. मुलगा, सून, नातवंडं त्या यादीत नाहीत. 'आजी गेली, आता वडिलांच्या नावावर करता येईल का' या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे 'नाही' असंच आहे. राज्याची योजना वेगळी, तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करायची.

एक मात्र लक्षात ठेवा. पेन्शन बंद झाली तरी पेन्शनची फाइल राहते, आणि ती फाइल म्हणजे खजिना आहे. तुरुंगाचा दाखला, सोबतच्या कैद्यांची प्रमाणपत्रं, सैनिकानं स्वतः लिहिलेली हकिगत, सगळं त्यात असतं. माहितीच्या अधिकारात तिची नक्कल मागता येते.

4. कोणकोणते लढे धरता? सुरुवात कुठून आणि शेवट कुठे?

इंग्रजी सत्तेविरुद्धच्या सशस्त्र उठावांपासून सुरुवात करतो. उमाजी नाईकांना 1832 मध्ये पुण्यात फाशी झाली; त्यांच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या वंशजांचे अर्ज आम्ही आनंदानं घेतो. मग 1857, खानदेशातले भिल्लांचे उठाव, वासुदेव बळवंत फडके, 1930 चा मिठाचा आणि जंगल सत्याग्रह, 1940 चा वैयक्तिक सत्याग्रह, बेचाळीस, साताऱ्याचं प्रतिसरकार, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांचं समांतर सरकार.

शेवट मात्र 15 ऑगस्ट 1947 ला होत नाही. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 ला मोकळं झालं, दादरा-नगर हवेली 1954 मध्ये आणि गोवा 19 डिसेंबर 1961 ला. मराठवाड्यातल्या माणसानं रझाकारांशी दिलेली झुंज आणि 1955 साली गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगीजांच्या गोळीबारात शिरलेला सत्याग्रही, दोघंही आमच्या हिशेबी स्वातंत्र्यसैनिकच. केंद्राच्या योजनेतही या लढ्यांना जागा आहे.

काय धरत नाही? पानिपत धरत नाही. तुमचे पूर्वज तिथे लढले असतील तर अभिमान जरूर बाळगा, पण तो विषय वेगळा. संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे आणि आणीबाणीतले बंदी हेही आमच्या नोंदीत येत नाहीत. यावरून दर मेळाव्यात वाद होतो. त्यांचा मान कमी आहे असं कुणाचंच म्हणणं नाही, पण यादीला कुठेतरी कड लागते.

5. घरात एकही कागद नाही. फक्त 'आजोबा जेलात होते' एवढंच ऐकलंय. सुरुवात कुठून करू?

घरातूनच. घरातला सगळ्यात म्हातारा माणूस गाठा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि चार गोष्टी विचारा: कुठल्या साली, कुठल्या गावाहून, कुठल्या तुरुंगात, सोबत कोण. चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. आजोबांच्या नावानं काही सापडत नाही तेव्हा शेजारच्या गावच्या सोबत्याच्या खटल्यात आरोपी क्रमांक सात म्हणून ते सापडतात.

मग ट्रंक, माळा, देवघराची फळी. पत्रं आली असतील तर पाकीट फेकू नका; तुरुंगातून आलेल्या पत्रावर तपासणीचा शिक्का असतो. त्यानंतर जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात राज्याच्या दर्शनिका (गॅझेटिअर) विभागानं काढलेले स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोश पाहा. नोंदी दोन-तीन ओळींच्याच असतात: नाव, गाव, कुठल्या चळवळीत, किती शिक्षा. पण तेवढ्या ओळींवरून पुढची सगळी दिशा मिळते. नाव त्यात नसलं तर खचू नका, कोश परिपूर्ण नाहीत.

6. सरकारी दप्तरात शोधायचं तर नेमकं कुठे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर आजच्या जिल्ह्यावर अवलंबून नसून तेव्हाच्या राज्यावर अवलंबून आहे. इथेच लोकांचे महिने वाया जातात.

पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश हे मुंबई इलाख्यात होते. राज्य पुराभिलेखागाराचं मुख्य दप्तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही कार्यालयं आहेत. तुरुंग म्हणाल तर येरवडा, ठाणे, नाशिक, धुळे आणि नगर जिल्ह्यातलं विसापूर. पण बरेच कैदी हिंडलग्याला किंवा साबरमतीला जात, आणि हे तुरुंग आज अनुक्रमे कर्नाटकात आणि गुजरातेत आहेत. सांगली जिल्ह्यातल्यांनी साताऱ्याच्या नावानं शोधायचं, कारण तेव्हा तो भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्यातही औंध, सांगली, मिरज, जत अशी संस्थानं मध्येमध्ये पसरलेली. गाव संस्थानी हद्दीत असेल तर खटला इंग्रजी कोर्टात सापडणार नाही. उलट इंग्रजी हद्दीतला माणूस लपायला औंध संस्थानात जाई, म्हणून त्याचा माग दोन्हीकडे काढावा लागतो.

विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर. इथले कैदी जबलपूर, शिवनीपर्यंत पाठवले जात. वऱ्हाड नावापुरता निजामाचा, कारभार इंग्रजांचा. तेव्हा अकोला-अमरावतीकरांनी हैदराबादच्या दप्तरात वेळ घालवू नये.

मराठवाड्याचं सगळ्यात अवघड. कागद उर्दूत, बरेचसे आज हैदराबादेत आणि तारखा फसली सनात, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या सरकारी कालगणनेत. 1357 फसली दिसलं की 590 मिळवा, 1947 येतं. वर्ष ऑक्टोबरपासून धरायचं. महिने आजुर, दय, बहमन असे येतात. उर्दू वाचणारा माणूस आधी शोधा, मग तिकीट काढा. शिवाय लातूर, जालना, हिंगोली हे जिल्हे तेव्हा नव्हतेच. त्यांचा शोध अनुक्रमे उस्मानाबाद, औरंगाबाद, परभणी या नावांनी घ्यायचा.

7. नोंद सापडली, पण नाव थोडं वेगळं आहे. चालेल का?

वेगळं नसेल तरच आम्हाला शंका येते! इंग्रज किंवा पारशी अंमलदारानं कानावर पडेल तसं नाव लिहिलेलं असतं. 'ज्ञानू'चा 'दानू' होतो, 'भोसले'चे चार प्रकार होतात, आणि खेड्यातल्या कित्येकांचं आडनावच नसतं; 'बाळा वल्द (म्हणजे मुलगा) राणू, राहणार अमुक' एवढंच. जंगल सत्याग्रहातल्यांची आणखी एक गंमत आहे. त्यांच्यावर जंगल कायद्याखाली गुन्हे लागले, त्यामुळे कागदावर ते लाकूडतोड करणाऱ्या चोरांच्या रांगेत बसलेले असतात. चिरनेरचा 25 सप्टेंबर 1930 चा सत्याग्रह किंवा बिळाशीचा, यांतल्या लोकांसाठी केवळ 'राजकीय' गुन्ह्यांची यादी पाहून थांबू नका.

नाव, वडिलांचं नाव, गाव आणि अंदाजे वय यांतल्या तीन गोष्टी जुळल्या तर आम्ही नोंद मान्य करतो. दोनच जुळल्या तर 'संभाव्य' असा शेरा मारून ठेवतो.

8. आजोबांशी माझं नातं कसं सिद्ध करू? जन्मदाखले कुणाकडे असतात?

जन्मदाखल्याशिवाय बरंच काही असतं. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, तलाठ्याकडचं गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, त्यात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी सापडतात. वारस नोंदीचे फेरफार तर सगळ्यांत पक्के, कारण जमिनीच्या बाबतीत भावकी कुणाला फुकट वारस होऊ देत नाही. जुने कागद मोडीत असतील, वाचून घ्यावे लागतील.

याशिवाय दोन जुनी ठिकाणं. एक, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या: त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, नाशिक. घरातलं कोण कधी आलं, सोबत कोण होतं, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं असतं. दुसरं, कोल्हापूर-सांगलीकडे येणारे हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे लोक. त्यांच्याकडची वंशावळ पुरावा म्हणून आम्ही एकटी धरत नाही, पण दुवा जुळवायला तिच्यासारखी गोष्ट नाही. नुसतं स्टँपपेपरवरचं प्रतिज्ञापत्र मात्र चालत नाही.

9. वडील दत्तक गेले होते. आम्ही वंशज कुणाचे?

दोन्हीकडचे. दत्तक घराण्याचा वारसा कायद्यानं येतो, जन्मघराण्याचा रक्तानं. आम्ही दोन्ही मान्य करतो, फक्त अर्जात स्पष्ट लिहा आणि दत्तकपत्र असेल तर जोडा. लपवलंत आणि नंतर भाऊबंदांपैकी कुणी उघड केलं, की निष्कारण तोंडं कडू होतात.

10. आमचे चुलत आजोबा अविवाहितच हुतात्मा झाले. त्यांना थेट वंशज नाहीत, मग त्यांच्या नावे कुणी अर्ज करायचा?

नियमाला हा अपवाद सुरुवातीपासून आहे, नाहीतर सगळ्यात मोठी माणसंच यादीबाहेर राहतील. अनंत कान्हेरे फाशी गेले तेव्हा अठरा वर्षांचे होते. नंदुरबारचा शिरीषकुमार शाळकरी पोर. राजगुरू बावीस वर्षांचे. असे हुतात्मे निपुत्रिक असतील तर त्यांच्या सख्ख्या भावा-बहिणींच्या वंशजांना सभासदत्व मिळतं. हुतात्म्याच्या चुलत, मावस, आते भावंडांच्या वंशजांपर्यंत आम्ही जात नाही.

11. आजोबा तुरुंगात गेलेच नाहीत, शेवटपर्यंत भूमिगत होते. पुरावा कसला द्यायचा?

जो पकडला गेला त्याचे कागद झाले, जो सापडला नाही त्याचे कमी. तरीही फरारी जाहीर केल्याचा हुकूम, पकडून देणाऱ्यास लावलेलं बक्षीस, न बजावलेलं वॉरंट, मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम यांपैकी काही ना काही निघतं. जप्ती जमिनीची असेल तर फेरफारात माग लागतो. सरकारी पेन्शनसाठी, कागद नसल्यास, किमान दोन वर्षं शिक्षा भोगलेल्या ज्येष्ठ सैनिकाचं प्रमाणपत्र लागे. ते जुन्या फाइलीत असण्याची शक्यता असते (प्रश्न 3). बेचाळीसमध्ये गावावर सामुदायिक दंड बसला होता, एवढ्यावर मात्र नोंद होत नाही. त्यावरून गाव कळतं, माणूस नाही.

12. आजी भूमिगतांना भाकऱ्या करून शेतात पोचवायची. तिची नोंद होईल?

होईल, आणि अशा नोंदी याव्यात अशी आमची फार इच्छा आहे. प्रतिसरकारचं ठाणं असलेल्या कुंडलच्या आसपास पोलिसांची झडती येणार म्हटल्यावर ज्या बायांनी वैरणीत बंदुका दडवल्या, त्यांची सही कुठल्याच कागदावर नाही. अशा अर्जांसाठी दोन वेगवेगळ्या घरांतून आलेल्या, एकमेकांशी जुळणाऱ्या हकिगती पुरतात. ज्याला जेवू घातलं त्या सैनिकाच्या आठवणीत, पत्रात किंवा भाषणात उल्लेख असेल तर उत्तमच. घरातल्या घरात सांगितलेली एकच गोष्ट आम्ही 'कौटुंबिक आठवण' म्हणून वेगळ्या वहीत लिहितो. वही वेगळी आहे, खालची नाही.

13. कागदात आजोबांवर दरोड्याचा गुन्हा दिसतोय. हे जाहीर झालं तर?

घाबरू नका, प्रतिसरकारच्या निम्म्या कथा दरोड्याच्या कलमाखालीच सापडतात. 1943 मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली, 1944 मध्ये धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना. इंग्रजी फौजदाराच्या लेखी तो दरोडाच. आम्ही पाहतो ते लुटलेला पैसा कुणाचा होता आणि सोबत कोण होतं. 1946 साली बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आल्यावर भूमिगतांवरची वॉरंटं मागे घेतली गेली. त्या यादीत नाव असेल तर विषय संपला. मात्र त्या धामधुमीत नुसते दरोडेखोरही होते आणि प्रतिसरकारनं त्यांचा बंदोबस्तही केला. तपासात दुसरं काही निघालं तर तेही आम्ही तुम्हाला सांगतो.

14. पणजोबा हमी लिहून देऊन लवकर सुटल्याचं आढळलं. अर्ज मागे घेऊ का?

घेऊ नका. घरी पीक उभं, बायको बाळंत, थोरला भाऊ आधीच आत, अशा वेळी 'चळवळीत भाग घेणार नाही' असं लिहून सुटलेले पुष्कळ होते. त्यांतले काही वर्षभरात पुन्हा पकडले गेले. जे झालं ते नोंदीत जसंच्या तसं येतं: शिक्षा किती, भोगली किती, सुटका कशी. तो भाग गाळून नोंद द्या अशी विनंती वरचेवर येते. ती आम्ही मान्य करत नाही.

15. आजोबा फौजेत होते, जपान्यांच्या कैदेत होते. म्हणजे आझाद हिंद सेनेतच ना?

तसं नसतं. सिंगापूर 15 फेब्रुवारी 1942 ला पडलं तेव्हा हजारो हिंदी सैनिक युद्धकैदी झाले. काही आझाद हिंद सेनेत गेले, बरेच गेले नाहीत. युद्धकैदी असल्याचा कागद म्हणजे आझाद हिंदचा कागद नव्हे. सेनेचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतं. फेब्रुवारी 1946 च्या नौदल उठावातले खलाशीही आम्ही धरतो. नोकरीतून काढल्याचा कागद असेल तर तो फाडू नका. ज्याची घरात लाज वाटायची तोच पुरावा आहे.

16. खोटे दावे येतात का? तुम्ही इतकं का तपासता?

येतात. बीड जिल्ह्यातलं बनावट स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. त्यानंतर खऱ्या सैनिकांच्या घरच्यांनाही लोक तिरक्या नजरेनं पाहू लागले, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आम्ही पहिल्यांदा वय पाहतो. शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्यांची जन्मतारीख 1 जून ठोकलेली असते, तेव्हा दोन-चार वर्षांची सूट देतो. पण 1936 चा जन्म आणि बेचाळीसला येरवड्यात शिक्षा, हे कसंही बसत नाही. तोच माणूस 1955 मध्ये गोव्याला गेला असेल तर मात्र बरोबर बसतं. घरच्यांनी दोन लढे एकत्र केलेले असतात. निम्मे 'खोटे' दावे असेच, सांगण्यात सरमिसळ झालेले निघतात.

17. ताम्रपत्र काळं पडलंय. चिंचेनं घासू का? आणि हरवलं असेल तर दुसरं मिळतं का?

घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही नको. अक्षरांची धार जाते. मऊ कोरड्या कापडानं पुसा आणि ठेवून द्या. काळं ताम्रपत्र आम्हाला जास्त आवडतं. सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना गौरव म्हणून दिलेल्या 1972 च्या ताम्रपत्रावरचा मजकूर हिंदीत आणि सगळ्यांना सारखाच आहे, त्यामुळे आजोबांनी नेमकं काय केलं ते त्यावरून कळत नाही. हरवलं असेल तर आमच्याकडून तरी दुसरं मिळणार नाही, आणि बाजारात कोरून मिळतं ते भिंतीवर लावू नका.

18. चुलत्यांनी आधीच अर्ज केलाय. आमचं नाव वगळलं तर?

पूर्वजाची नोंद एकच होते. तिच्याखाली जितके वंशज येतील तितके येऊ शकतात. आधी कोण आलं याला अर्थ नाही. बांधावरचं भांडण कृपया बांधावरच ठेवा.

19. मूळ कागद तुमच्याकडे जमा करावे लागतात का?

नाही, आणि आम्हीच काय, कुणालाही देऊ नका. झेरॉक्स किंवा मोबाइलवर दिवसाच्या उजेडात काढलेला स्वच्छ फोटो पुरतो. मागची बाजूही काढा, शिक्के आणि आवक क्रमांक तिथेच असतात. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही आणि आतला कागद पिवळा पडून जातो. सेलोटेपही नको. घरात ठेवणारं कुणी उरलं नसेल तर पुराभिलेखागाराशी बोला, देताना यादी करा आणि पोच घ्या. फोटो पाठवताना प्रत्येकाला पूर्वजाचं नाव, गाव आणि साल लिहा. 'आजोबा 1', 'आजोबा 2' अशा नावांनी आलेल्या फायली आमच्याकडे ढिगानं पडून आहेत आणि त्या कुणाच्या आजोबांच्या, ते आम्हाला ओळखता येत नाही.